सुपारी गळ्यात बांधून केदारला

हिमालय मी सहा वर्षं उर्दूतून शिकवला. निजामाच्या सरकारी शाळेत भूगोलाचा मास्तर होतो. भिंतीवरच्या नकाशावर छडी टेकवून शिखरांची उंची अशा थाटात सांगायचो, की जणू मीच फूटपट्टी घेऊन वर जाऊन आलोय. प्रत्यक्षात आमच्या मुरुमच्या आसपास उंच म्हणजे कडब्याची गंजी. त्यामुळं मामांनी केदारची यात्रा काढली आणि अव्वा, म्हणजे माझी आई, "तूबी चल" म्हणाली, तेव्हा मी त्याच दिवशी रजेचा अर्ज खरडला. त्या दोघांना देव बघायचा होता. मला सृष्टिसौंदर्य बघायचं होतं आणि तिथली संस्कृती. शिकलेल्या माणसाला एवढा फरक राखावाच लागतो.

दुसरा एक फरक मात्र सदऱ्याच्या आत होता. आम्ही लिंगायत. लहानपणी गळ्यात बांधलेलं इष्टलिंग मरेपर्यंत अंगावर असतं, आणि रोज ते डाव्या तळहातावर घेऊन पुजल्याशिवाय अव्वाच्या घरात कुणी पाण्याचा घोटही घेत नसे. माझं लिंग वर्षापूर्वी पोहताना विहिरीत गेलं, कापड तेवढं गळ्यात राहिलं. घरात बोभाटा नको म्हणून मी त्या कापडात एक सुपारी बांधली आणि रोज तीन वेळा जेवत राहिलो. मला त्याचं काही वाटत नव्हतं. उलट आपण फार पुढारलेले आहोत असं वाटायचं.

सोलापूरकडं जाताना हद्दीवर जकातीच्या नाक्यावर शिपायानं आमचं गाठोडं उपसलं. वर कडक भाकरी, मधे शेंगाची चटणी, खाली पुन्हा कडक भाकरी.

"इत्ती रोटियां लेके कहां जारैं?"

"पहाड पे," मामा म्हणाले.

"क्यूं, वहां के लोगां खाते नइं क्या?"

मामांनी गाठोडं पुन्हा बांधायला घेतलं. परक्याच्या हातचं खायचं नाही, एवढंच त्यांना माहीत होतं.

आगगाडीचे दिवस संपले, मोटार संपली, आणि मंदाकिनीच्या काठानं पायवाट सुरू झाली. समोर बर्फाची शिखरं उभी राहिली. मी वहीत 'अवर्णनीय' असं लिहिलं आणि पुढं काही सुचेना. मामांनी बराच वेळ निरखून पाहिलं. "लई वंगाळ," ते म्हणाले. "एवढी जमीन उभी करून ठिवल्याली. तूर पेरायची कुठं?" पहाडी बायका पाठीवर गवताचे भारे घेऊन चढत होत्या. त्यांच्याकडं संस्कृती म्हणून बघत मी वाटेच्या मधोमध उभा होतो, आणि त्या मला बाजूला हो म्हणून खुणावत होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी अव्वानं नदीत आंघोळ केली. तसल्या बर्फगार पाण्यात मी बोटही घातलं नसतं. काठावर बसून तिनं लिंग तळहातावर घेतलं, पाणी घालायला दुसरा हात उचलला, आणि बधिर झालेल्या पंजातून ते निसटलं. टप्प असा आवाज झाला. मामा कमरेएवढ्या पाण्यात उतरले, मीही उतरलो. नदी कसली थांबते!

अव्वा रडली नाही. ओला पदर पिळून म्हणाली, "वर मठ हाय न्हवं आपला? तिथं स्वामी देतील. तवर पाणी बंद."

आम्हा लिंगायतांचा तो मठ दीड दिवसाच्या चढावर होता. दुपारपर्यंत तिचे ओठ फुटले. वाटेत दर शंभर पावलांवर झरा. मी मास्तरकी काढली, आपद्धर्म समजावला, चिडलो, हात जोडले. शेवटी तिला धाप लागली, ती दगडावर टेकली, आणि मला भीती वाटली, की ही इथंच जाणार. मी तांब्या तिच्यापुढं धरला.

"अव्वा, पी. कायबी होत न्हाय. वर्ष झालं, माझ्या गळ्यात सुपारी हाय. मला काय झालं?"

मामांनी कानांवर हात ठेवले. अव्वा शांतपणे म्हणाली, "ठावं हाय. तुजी कापडं कोण धुतंय? म्हणून तर तुला हितवर आणलं. गावात कुणाला कळू न देता नवं घ्यावं म्हटलं."

तांब्या मी ओतून दिला. त्यानंतर मीही काही खाल्लं नाही. पुण्य वगैरे नव्हे, तिच्यासमोर खाववेना. मामा एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं असं तिला धरून चढवलं. शिखरं होती तिथंच होती. मी मान वर करून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मठाच्या ओसरीवर पोचलो. आमच्याकडची बोली जाणणारे एक म्हातारे स्वामी बाहेर आले. मामांनी घडलं ते सांगितलं. स्वामींनी आत जाऊन लिंग आणलं आणि घाईघाईनं अव्वासमोर बसले. "माई, आधी तुमी घ्या. कालपासनं उपाशी हायसा."

अव्वानं मला दंडाला धरून पुढं ढकललं.

"म्या कालपासनं हाय, स्वामी. ह्यो वरसापासनं उपाशी हाय. पयलं ह्याला द्या."