गरम कागद
झेरॉक्सचा गरम कागद हातात आला की मी आधी त्याचा वास घेतो. कर्जतला कचेरीसमोर माझं दुकान होतं, तेव्हा एकदा मशिनचा फ्यूजर, म्हणजे शाईची भुकटी तापवून कागदाला चिकटवणारा भाग, गेला. साजगावच्या मेकॅनिकने परदेशातून आलेल्या भंगार मशिनमधला दुसरा आणला. तो खटकन बसला, आणि कॉप्या पूर्वी कधी आल्या नव्हत्या इतक्या काळ्याभोर यायला लागल्या. मेकॅनिक खुशीत निघून गेला. पोशीरच्या एक आजी नातीच्या जातपडताळणीसाठी सासऱ्यांचा शाळेचा दाखला घेऊन आल्या होत्या, घड्यांवर विरलेला, घरातला एकुलता एक पुरावा. "कागद लय तापलाय रं, तव्यावरनं काढल्यागत," त्या म्हणाल्या. "ताजा हाय ना, आजी," म्हणत मी हसलो. पुढच्या कॉपीच्या कडा तांबूस आल्या, त्यापुढची आलीच नाही. आत काहीतरी फट्कन फुटलं आणि फटीफटींतून धूर निघाला. मी बटण बंद करून बाहेर पळालो. आजी पळाल्या नाहीत. त्यांनी धुरात हात घालून तापलेलं झाकण उचललं आणि काचेवरचा दाखला छातीशी धरून त्या बाहेर आल्या. दाखला शाबूत होता, तळहाताची साल गेली होती. आपल्या दोनशेवीसच्या लाइनवर एकशेदहा व्होल्टचा फ्यूजर लावला म्हणून सगळ्यांनी मेकॅनिकला धारेवर धरलं, मीही धरलं. पुन्हा त्याला कुणी काम दिलं नाही. तो फ्यूजर बसवत असताना त्यावरचा एकशेदहाचा आकडा मी वाचला होता, पण गिऱ्हाईकं खोळंबली होती. हे मी आज पहिल्यांदा सांगतोय.