सिमेंट काय म्हणतंय?

ऑपरेशन थिएटरच्या थोरल्या सिस्टरना सगळे मुकादमबाई म्हणत, आणि तेही तोंडावर. वॉर्डबॉयने चपला भलत्याच जागी काढल्या की बाईंचा आवाज जिन्यापर्यंत जायचा, "हे काय तुझ्या सासुरवाडीचं अंगण आहे का रे?" नव्या नर्स त्यांना टरकून असत आणि अडल्यानडल्या की धावतही त्यांच्याकडेच.

पण बाईंची खरी वट होती ती सिमेंटच्या ऑपरेशनला. म्हातारपणी मणका चेपतो, मग माणसाला ना धड बसता येतं ना उठता. अशा वेळी त्याला पालथं निजवायचं, पाठ तेवढी बधिर करायची आणि एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत पोकळ सुई थेट मणक्यात न्यायची. त्या सुईतून हाडात सिमेंट भरायचं. पातळ असताना ढकललं तर ते फटीतून बाहेर पडून नसांवर जातं, उशीर केला तर सुईतच त्याचा दगड होतो. नेमकी वेळ कोणती, हे बाईंची बोटं सांगत. कालवलेल्यातला जरासा गोळा त्या चिमटीत धरून मळत राहायच्या. सर्जन विचारायचे, "काय म्हणतंय, मुकादम?" बाई म्हणायच्या, "थांबा." मग थोड्या वेळाने, "चला." भिंतीवर घड्याळ होतं, पण तिकडे बघतंय कोण!

आता मात्र बाईच चोरून घड्याळाकडे बघायला लागल्या होत्या. साखरेच्या दुखण्याने बोटांची टोकं पार मेली होती. गोळा चिकटतोय की सुटतोय, काही म्हणजे काही कळत नव्हतं. पण सांगणार कुणाला? सांगितलं की रवानगी थेट पट्ट्या-कापसाच्या खोलीत. इतकी वर्षं मिरवलेला सगळा तोरा तिथेच संपला असता. म्हणून बाई अंदाजाने "चला" म्हणत होत्या.

अशातच सासूबाई स्टुलावरून पडल्या. फळीवरचा डबा काढायला चढल्या होत्या.

"नका चढू, नका चढू म्हणून माझी जीभ झिजली!" बाई रडकुंडीला येऊन ओरडल्या.

"झिजलेली दिसत तर नाही," सासूबाई कण्हत म्हणाल्या.

मणका चेपला होता. घरच्या माणसाच्या ऑपरेशनला बाईंनी उभं राहू नये, असं सर्जनचं मत. सासूबाई कसल्या ऐकतायत! "सून शेजारी असेल तरच मी त्या टेबलावर चढेन," असा हट्टच धरून बसल्या.

त्या दिवशी थिएटर नेहमीपेक्षा गार होतं, एसी नुकताच दुरुस्त झाला होता. गारठ्यात सिमेंट सावकाश धरतं, म्हणजे घड्याळाचा अंदाजही गेला चुलीत. सुई मणक्यात बसली. बाईंनी पावडरीत द्रव ओतला, कालवलं, पिचकारी भरली आणि चिमटीत गोळा घेतला. काही नाही. हातमोज्यात दुसऱ्याच कुणाची तरी बोटं असावीत तसं.

"काय म्हणतंय, मुकादम?"

"चला" अगदी ओठांवर आलं होतं. कापडाखालून सासूबाईंचा हात बाहेर आला होता. सकाळी साबण लावून लावून बाईंनीच त्या बोटातली अंगठी काढली होती, तिचा वळ अजून तसाच होता.

"सर, मला कळत नाही," बाई म्हणाल्या. "बोटांना काही लागतच नाही. तुम्हीच बघा."

सर्जननी गोळा हातात घेतला. तो मोज्याला चिकटून लोंबला. "पातळ आहे अजून," एवढंच ते म्हणाले. मग स्वतःच मळत मळत त्यांनी वेळ साधली, आणि सिमेंट हवं तिथे नीट बसलं.

सुई काढता काढता त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"आजच जाणवलं, सर."

खोटं इतक्या सहज तोंडातून निघून गेलं की बाईंना स्वतःचीच लाज वाटली.

संध्याकाळी वॉर्डात सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. किती दिवसांनी बसल्या होत्या बिचाऱ्या! पण सुनेला बघताच त्यांनी विषयाला हात घातला.

"आजच काय गं? कधीची उकळती पातेली नुसत्या हाताने उतरवतेस. मी काय आंधळी आहे?"

बाईंचा चेहरा उतरला. "माहीत होतं तर टेबलावर चढलात कशाला, आई? मी बोलले नसते तर?"

"तर मी बोलले असते. पालथी होते, मुकी नव्हते." सासूबाईंनी सुनेचा हात ओढून घेतला आणि बोटं चेपली. बाईंना ते नुसतं दिसलं. "माझं ठीक आहे गं, मला माहीत होतं. पण तिथे येऊन पालथे पडतात त्या बाकीच्यांना कुठे माहीत होतं?"

बाई डोळे पुसत उठल्या आणि तडक सर्जनच्या खोलीत गेल्या. ते चहा पीत होते.

"या, बसा मुकादम."

बाई बसल्या नाहीत. "सर, आजच नाही," त्या म्हणाल्या. "कित्येक महिने झाले. त्या सगळ्यांना परत बोलावून तपासा."