कॅमेऱ्याला सांगितलेले मुक्काम

तुम्ही विसरला असाल. वाढदिवसाची आठवण तुम्हाला तुमचा फोनच करून देतो, माझ्या चुलीवरच्या भाकरींची कोण करून देणार...

मी अंथुर्ण्याची, दत्तूची आई. नव्वद-पंच्याण्णवच्या सुमाराला पुण्याच्या कॉलेजात सिनेमा शिकताना तुम्ही चौघं त्याच्याबरोबर कॅमेरा घेऊन माझ्याकडं आला होता. मला लिहिता येत नाही. मी बोलते, नात फोनवर लिहून तुम्हा सगळ्यांना दिसेल असं टाकते. मी 'हाय' म्हणलं की ती 'आहे' करते. करू दे, मला सवय आहे.

दत्तू तेव्हा सुट्टीला आला की नव्या पिक्चरवाल्यांना शिव्या घालायचा. "सगळ्या पिच्चरमधी लगनंच लगनं. गावात कुणाच्या पायाला चिखल न्हाय. आमी खरं दाखवणार हाय." मेसची पाणचट आमटी, हॉस्टेलचा ढेकूण, आणि चहावर चहा पीत सिनेमावरून भांडणं... एवढंच त्याच्या कॉलेजाचं मला कळायचं.

मग तुम्ही खरं दाखवायला आलात. आधी टीव्हीवर घोंगडं टाकलं. स्टीलची भांडी माळ्यावर लपवली. माझं नवं लुगडं सोडायला लावून फाटकं नेसवलं. मेंढरं विकून आम्हाला ऊस लावून किती तरी वर्षं झाली होती, म्हणून सणसरच्या आबांची मेंढरं एका दिवसापुरती मागून आणली... खऱ्याला इतकं सामान लागतं, हे मला तेव्हा कळलं.

"आई, मेंढरामागं फिरायचीस त्यातलं कायबी बोल," दत्तू म्हणाला.

कायबी कशाला बोलू? आमच्यात पुरुष मेंढरं वळत मागनं यायचे. बायका घोड्यांवर संसार लादून पुढच्या मुक्कामाला जायच्या. त्यामुळं मुक्काम बायकांना पाठ. कुठल्या विहिरीचं पाणी गोड, कोण खतासाठी शेतात मेंढरं बसवून धान्य देतो, कोण अंगावर कुत्री सोडतो... मालक गेले, सासू गेली, आणि ती सगळी वाट माझ्या एकटीच्या डोक्यात उरली. म्हणलं, कागदावर नाही तर नाही, मशिनीत तरी राहील.

म्हणून सांगत गेले. सणसर, बारामती, वडगाव निंबाळकर, नीरा... एकेक मुक्काम, पार कोकणात उतरेपर्यंत. आणि मधल्या एका मुक्कामाला आल्यावर, जे कुणापुढं काढलं नव्हतं तेही काढलं. माझी पहिली लेक तिथं गेली. वीस दिवसांची. तळ हलवायचा होता, थांबायची सोय नव्हती. विहिरीजवळच्या झाडाखाली तिला ठेवली, वर तीन दगड रचले आणि घोडी लादली.

आपल्याला बहीण होती हे दत्तू पहिल्यांदा ऐकत होता. मी त्याच्या तोंडाकडं बघायला गेले तर तोंडापुढं कॅमेरा. मागनं आवाज आला, "आई, जरा डावीकडं बघून बोल. थांबू नको, तोंड हललं की झ्याक दिसतंय."

मी थांबले नाही.

दोन-तीन महिन्यांनी मला पुण्याला नेलं. अंधारात बसवलं. पडद्यावर माझं तोंड, खंडोबाच्या दीपमाळेएवढं... हलतंय, पण आवाज नाही. मला वाटलं मशीन बिघडली. दत्तू कानाशी लागला, "आई, पयल्या वर्षाला नुसतं चित्र असतंय. आवाज फुडच्या वर्षी."

टाळ्या झाल्या. तुमचे सर म्हणाले, "आई, तुमचा चेहराच सगळं सांगतो."

"मग त्या चेहऱ्यालाच इचारा की सर, नीरेच्या फुडचा मुक्काम कंचा."

सगळे हसले. दत्तू सगळ्यात मोठ्यानं.

पुढच्या वर्षी आवाज मिळाला त्याला. त्यात त्यानं हॉस्टेलच्या खिडकीत सिगरेट ओढत बसलेला पोरगा दाखवला... पोरगा सगळ्या पिक्चरभर गप्प! आता मुंबईत सिरीयली करतो. त्यात बायका बोलायच्या थांबत नाहीत, आणि कामाचं एक बोलत नाहीत.

आज हे का काढलं, तर परवा सकाळी ओट्यावर बसून मुक्काम मोजत होते. नीरेपर्यंत नीट गेले... पुढं वाट पुसली. कधी डोळ्यापुढं चिंच येते, कधी वड. दत्तूला फोन लावला. म्हणलं, त्या विहिरीजवळ झाड कसलं सांगितलं होतं रे मी?

"कसली विहीर, आई?"

मी फोन ठेवला. मला वाईट वाटू नये म्हणून पोरगं विषय काढत नाही, असं समजत होते मी इतकी वर्षं... त्यानं ऐकलंच नव्हतं. माझ्यापासून चार हातांवर उभा होता.

पण मेघना, तू ऐकलं होतंस. माझ्या तोंडावर ऊन पाडायला तू पांढरा थर्माकोल धरून बसली होतीस. लेकीचं सांगायला लागले आणि ते ऊन थरथरायला लागलं. "मेघना, थर्माकोल हलतोय!" म्हणून दत्तू ओरडला. तू बाहीला डोळे पुसलेस आणि परत धरलास. त्या सगळ्यात तेवढं एकच खरं झालं बघ, आणि ते पिक्चरमध्ये आलं नाही.

तर आठवून बघ. चिंच म्हणाले होते का वड? नीरेच्या पुढचा कितवा मुक्काम? आठवलं तर इथंच खाली लिही, नात वाचून दाखवेल.

नाही आठवलं तरी त्या वेळी आणली होतीस तसली नानकटाई पाठव. मऊ बघून घे, दात गेलेत... चहात बुडवून खाईन आणि पुन्हा सणसरपासनं मोजायला घेईन.