मामाजींची डुरकी

आमच्या मामाजींचा राग लोणच्यासारखा होता. बरणीत भरून, वर फडकं बांधून ते तो वर्षानुवर्षं ठेवत आणि अधूनमधून झाकण काढून बघत. "राग शिया होत नसते पोरी, मुरते," असं ते म्हणत; शिया म्हणजे शिळा. सासऱ्यांना आमच्या वऱ्हाडात मामाजी म्हणतात. मी अमरावतीची. लग्न होऊन हिवरखेडच्या बाजूच्या एका खेड्यात आले, तेव्हा हा मुरलेला राग मला पहिल्याच दिवशी कोठ्यात उभा दिसला. कोठा म्हणजे गुरांचा गोठा. एका बाजूला बैलजोडी आणि दुसऱ्या बाजूला चार दगडांवर टेकवलेली, बिनचाकांची, गंजून तांबडी झालेली एक लांबलचक अमेरिकन मोटार. तिच्या मागच्या सीटवर कोंबडी खुडूक बसली होती. मी नवी नवरी, डोक्यावर पदर, विचारणार कुणाला? सासूबाईंनीच माझ्या तोंडाकडे बघून सांगितलं, "ते माही सवत आहे."

सवतीची गोष्ट मला पुढे इतक्यांदा ऐकावी लागली की मी स्वतः तिथं हजर होते असं आता वाटतं. गावात आबासाहेबांची जिनिंग होती. आसपासचा सगळा कापूस त्यांच्याच आवारात यायचा, आणि ऐन तिशीतल्या आबासाहेबांनी हौसेनं मुंबईच्या कुणा परदेशी साहेबाकडून ही गाडी आणली होती. आठ सिलिंडर, दोनच दारं आणि स्टिअरिंग डाव्या हाताला. इंजिन सुरू झालं की माजलेल्या बैलानं डुरकी फोडावी तसा आवाज यायचा, म्हणून गावानं तिचं नावच डुरकी ठेवलं. मामाजींच्या वडिलांनी मुलाच्या वरातीसाठी ती मागितली आणि आबासाहेबांनी चारचौघांत शब्द दिला. मे महिन्याची दुपार होती. नव्या नवरीला घेऊन वरात गावात शिरली, पुढे वाजंत्री, आणि पिंपळाच्या पाराजवळ खुद्द आबासाहेब रस्त्यात उभे. अकोल्याच्या स्टेशनावर मुंबईचे व्यापारी उतरले होते, त्यांना आणायला गाडी पाहिजे होती. आबासाहेबांनी बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "उतरा."

एवढंच. नवरानवरी घराच्या दाराशी पोचेपर्यंत त्यांना उतरवू नये, अपशकुन होतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बाशिंग बांधलेले मामाजी उतरले. अंगावरची हळद अजून ओली अशा सासूबाई उतरल्या. गाडी वळून धुरळा उडवत निघून गेली आणि तिच्यात सासूबाईंच्या चपला गेल्या. नवी नवरी मेच्या फुफाट्यातून अनवाणी चालत सासरच्या दारात आली. भाकरतुकडा ओवाळायला उभ्या असलेल्या बायकांनी म्हणे आधी तिच्या पायांवर घागरभर पाणी ओतलं. वाजंत्रीवाले तेवढा वेळ वाजवतच होते.

तेव्हापासून आमच्या घरातलं कुठलंही भांडण एकाच वाक्यावर संपे. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून मामाजी बोलले, की सासूबाई ताट बाजूला सारून म्हणत, "मले तं पायीच आनलं तुमी या घरात." झालं. मामाजी उठून कोठ्यात जात आणि थोड्या वेळानं पत्र्यावर हातोडी पडल्याचा आवाज येई. बायकोशी भांडण झालं की गाडीचं काम पुढे सरके, असा आमच्या घरचा हिशेब होता. माझे यजमान गमतीनं म्हणत, "आई आणखी जरा भांडली तर दिवाळीपर्यंत गाडी चालू होईल."

गाडी घरी आली त्याचीही एक कथा आहे. कापसाचे दिवस फिरले, जिनिंग बंद पडली, आवारातलं भंगार विकायला निघालं. त्या भंगारात डुरकी होती. मामाजींनी मागितली असती तर आबासाहेबांनी ती विहिरीत ढकलली असती, पण यांना दिली नसती. म्हणून मामाजींनी अकोल्याच्या जुन्या शहरातले रऊफभाई मिस्त्री पुढे केले. रऊफभाईंनी ती भंगार म्हणून उचलली. मग मामाजींनी तिला आमची बैलजोडी जुंपली आणि पारावरून, भर दुपारी, सगळ्या गावासमोरून ओढत आणली. आबासाहेबांना कळलं तेव्हा ते ओट्यावर बसून हसले म्हणे. "ठेव म्हना त्याच्यात कोंबड्या!" हे वाक्य मामाजींच्या कानावर आलं, आणि नेमक्या आमच्या कोंबड्यांनी ते मनावर घेतलं. मामाजींनी दिवसाला पन्नासदा त्यांना हुसकलं असेल. त्या कोंबड्या आबासाहेबांना फितूर आहेत अशी त्यांची खात्री होती.

मामाजी चांगले मिस्त्री होते असं मी म्हटलं तर ते खोटं होईल. त्यांना मोटार दुरुस्तीतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी ते इंजिन किती वेळा खोललं आणि किती वेळा जोडलं ते देव जाणे, पण प्रत्येक वेळी एखादा नट हातात उरायचाच. तो हातात घेऊन ते अंगणात येत आणि आभाळाकडे बघत. सासूबाई तांदूळ निवडता निवडता विचारत, "नट भेटला तं भेटला, माह्या चपला भेटल्या का?" महिन्यातून एकदा रऊफभाई येत. त्यांनी एकदा मामाजींच्या हातातला पाना काढून घेतला आणि म्हणाले, "दादा, इंजिन गुस्से से मत खोलो, पाने से खोलो!" सुट्या भागांसाठी मामाजी एसटीनं अकोल्याला जात, मोर्णा नदीच्या पलीकडच्या गल्ल्या पालथ्या घालत आणि पिशवीत एखादी पितळी नळी गुंडाळून, देवाची मूर्ती आणावी तशी घेऊन येत. गाडीच्या फटीफटीतून मात्र सरकी निघतच राहिली. जिनिंगच्या आवारात इतकी वर्षं पडून तिनं पोटभर सरकी खाल्ली होती.

त्या वर्षांबद्दल आमच्याकडे कुणी फार बोलत नाही. कापसाला भाव नव्हता, बोंडअळी कुठल्याच औषधाला दाद देत नव्हती. आधी शेजारच्या गावात आणि मग आमच्याच गल्लीत धडधाकट माणसं आपल्या हातानं जीव देऊ लागली. मामाजींच्या मित्राचा मुलगा तसाच गेला. मयत आटोपून मामाजी आले, अंघोळ केली आणि थेट कोठ्यात गेले. मी चहा घेऊन गेले तर ते गाडीखाली आडवे. मला संताप आला. म्हटलं, "आजच्या दिवस तरी राहू द्या ते." खालून आवाज आला, "त्या पोराले दुसऱ्या कोनाचा राग नोता पोरी, सोताचाच होता. माह्यापाशी आबासाहेब आहे, म्हनून मी आहो." मी चहा तिथंच ठेवला आणि बाहेर आले. त्यानंतर मी त्या गाडीला कधी नावं ठेवली नाहीत. उलट तिच्या सीटांना रेक्झिनची खोळ मी शिवली, माझ्या हातमशीनवर, आणि शिवताना आबासाहेबांना मनातल्या मनात यथेच्छ शिव्या दिल्या. अमरावतीच्या शिव्याही काही कमी नसतात.

एका वर्षी बैल विकावे लागले. पोळा आला आणि कोठ्यात पूजेला बैल नाहीत. मामाजी उठले, गाडीच्या दोन्ही दिव्यांभोवती हिंगूळ लावला, बॉनेटवर बैलाची झूल टाकली. सासूबाई दारात उभं राहून हे बघत होत्या. आत गेल्या आणि पुरणपोळीचं ताट आणून सवतीपुढे ठेवलं. मला त्यांचा स्वभाव माहीत होता. हे फार मोठं होतं.

माझी लेक पाळण्यातून बारावीपर्यंत पोचली आणि एका सकाळी डुरकी बोलली. आम्ही सगळे दचकून अंगणात आलो. शेजारची म्हैस दावं तोडून पळाली, कोठ्याच्या पत्र्यावरच्या कोंबड्या थेट रस्त्यावर. मामाजी डाव्या हाताच्या सीटवर बसले होते आणि तोंडानं काहीतरी म्हणत होते, पण त्या आवाजात ऐकू येईना. शेजारी बसलेल्या रऊफभाईंनी मात्र नंतर सांगितलं, दादा एकच शब्द पुनःपुन्हा म्हणत होते. "उतरा, उतरा, उतरा."

गाडीचा बोभाटा झाला. अकोल्याहून, अमरावतीहून लोक बघायला येऊ लागले. आणि एके दिवशी आबासाहेबच आले. काठी टेकत, पण मान ताठ. नातवाचं लग्न ठरलं होतं, पोरगी अमरावतीच्या मोठ्या घरची. व्याह्यांसमोर काहीतरी दाखवायला पाहिजे होतं आणि दाखवायला आता बंगल्याच्या भिंतींशिवाय काही उरलं नव्हतं. खुर्चीवर बसून ते म्हणाले, "कार्य घरचं आहे अन् गाडी बी घरचीच आहे." घरचीच! माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो मी त्यांच्या अंगावर ओतला नाही, हे माझ्या आईबापांचे संस्कार. मामाजी मात्र हसले. म्हणाले, "न्या की आबासाहेब. मीच चालवतो."

त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली, पण मामाजींना ताट कुणी वाढलं नाही. सासूबाई इतकं आयुष्य भांडल्या, पण त्या दिवशी त्यांचा आवाज पहिल्यांदा फुटला. "मले पायी आनलं अन् त्यायच्या नातसुनेले गाडीत आनता?" मामाजींनी आपलं ताट आपणच वाढून घेतलं आणि जेवले. मीही त्यांच्याशी बोलले नाही. म्हातारा शेवटी बंगल्यापुढे वाकला, असंच मला वाटलं.

लग्न अमरावतीला लागलं आणि दुसऱ्या दिवशी वरात गावात आली. दिवस मेचेच होते. मागच्या सीटवर नवरानवरी, पुढे डावीकडे मामाजी फेटा बांधून आणि उजवीकडे आबासाहेब. लांबून बघणाऱ्याला वाटावं की आबासाहेबच गाडी चालवतायत, आणि बहुधा त्यांनाही तेच हवं होतं. आम्ही बायका पाराजवळ उभ्या होतो. सासूबाई यायला तयार नव्हत्या, त्यांना मी ओढून आणलं होतं. पिंपळाखाली गाडी आली आणि थांबली. मामाजींनी इंजिन बंद केलं. वाजंत्रीवाले दोन पावलं पुढे गेले, मागे वळून बघितलं आणि त्यांचीही वाजंत्री बंद पडली.

मामाजी उतरले. बॉनेटला वळसा घालून उजव्या दाराशी आले आणि दार उघडलं.

"आबासाहेब, उतरा."

गावातल्या म्हाताऱ्यांना क्षणात सगळं कळलं. पारावरचा एकजण "अरे बाप्पा!" म्हणून उभाच राहिला. आबासाहेबांनी मामाजींकडे बघितलं, मग पिंपळाकडे बघितलं. ते विसरले असते तर माझा जीव जळला असता, पण विसरले नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर ते उमटत गेलं आणि मी ते डोळे भरून बघितलं. मागं बसलेला नवरदेव घाबरून दाराकडे सरकला, तसा मामाजींनी हात आडवा केला. "तू बस बापू. नवरानवरीले उतरवत नसतात."

आबासाहेब उतरले. काठी टेकत बाजूला झाले. मामाजींनी वाकून सीटखालून एक कागदी पुडकं काढलं. अकोल्याच्या जठारपेठेतल्या दुकानातून आणलेला नव्या चपलांचा जोड होता. तो त्यांनी धुळीत ठेवला आणि बायकांकडे तोंड केलं. सासूबाईंना ते जन्मभर "काय वं" अशीच हाक मारत आले होते. त्या दिवशी सगळ्या गावासमोर म्हणाले, "या. बसा."

सासूबाई गेल्या. चपला घातल्या, पदर सावरला आणि आबासाहेबांच्या जागेवर बसल्या. डुरकी फुटली, वाजंत्री सुरू झाली आणि बंगल्याची वरात आधी आमच्या गल्लीत आली. आमच्या दारात सासूबाई उतरल्या, आत जाऊन भाकरतुकडा आणला आणि त्या कोवळ्या पोरीवरून ओवाळून टाकला. म्हणाल्या, "तुह्या सासरी गाडीतच जाय माय." मग मामाजींनी नवरानवरीला बंगल्यापर्यंत पोचवलं. आबासाहेब त्याआधीच पायी पोचले होते. त्यांच्या पायात चपला होत्या, एवढीच काय ती माझी तक्रार. ती मी मामाजींना बोलूनही दाखवली, नवरदेवालाही उतरवायला पाहिजे होतं असंही म्हटलं. ते म्हणाले, "त्या पोराचं माह्यापाशी काही मुरत नोतं."

त्यानंतर घरातली भांडणं अर्धवट राहू लागली. सासूबाई तावातावानं बोलत बोलत शेवटच्या वाक्याशी येत आणि थांबत. ते वाक्य आता त्यांना वापरता येत नव्हतं. मामाजी गालात हसत. कोठ्यात जायलाही त्यांना आता कारण उरलं नव्हतं. बाजेवर बसून ते उगाच नट चोळत बसत.

दोन उन्हाळे गेले आणि एका दुपारी त्याच बाजेवर त्यांचा डोळा लागला तो लागलाच. तिरडी उचलली तेव्हा रऊफभाई खांदा द्यायला पुढे होते. गल्लीच्या टोकाशी पारापाशी आबासाहेब काठी टेकून उभे होते, म्हणे पाय दुखत असूनही बसले नाहीत. मी दारात सासूबाईंना धरून होते. त्या रडत नव्हत्या. चौघांच्या खांद्यावरून जाणाऱ्या नवऱ्याकडे त्या वळणापर्यंत बघत राहिल्या आणि मग कपाळावर हात मारून म्हणाल्या, "पाह्य वं सूनबाई. मले पायी आनलं, अन् सोता मातर खांद्यावर चालले."