पांढऱ्या मधाचा रेमिहिओ

रेमिहिओला गावात मान होता तो पांढऱ्या मधाचा, आणि त्या मानाचा त्याला माज होता. डिसेंबरात एस्कांब्राय डोंगराच्या उतारावर कांपानीयाच्या वेली पांढऱ्याशुभ्र फुलल्या की त्याच्या मधमाश्यांच्या पेट्यांतून नितळ मध निघे. तीस वर्षं सहकारी संस्थेत त्याचाच पहिला नंबर. भावाची विधवा नेरेइदा हिच्या पेट्या रानात, लेन्यातेरोच्या वेलींखाली. तिचा मध काळपट. त्यावरून हा शहाणा तिला भर चौकात विचारायचा, "वहिनी, हा मध आहे की ट्रकचं ऑइल?"

ती म्हणायची, "मधमाश्यांना विचारा, भावोजी."

एकदा संस्थेच्या सभेत प्रयोगशाळेची यामिला आली. ती म्हणाली, फुलाप्रमाणे मधातली अँटिऑक्सिडंटं बदलतात. आमच्या तपासणीत लेन्यातेरोच्या मधात सगळ्यात जास्त निघाली, कांपानीयाच्या मधात कमी. पुढच्या आठवड्यात मी प्रत्येक फुलाचा नमुना न्यायला येते.

सगळे वळून नेरेइदाकडे बघायला लागले. रेमिहिओला ते सोसवेना. काळा तो भारी, एवढंच त्याच्या डोक्यात शिरलं. फुलाचं काही शिरलंच नाही. घरी जाऊन त्याने काळा घेवडा शिजवायचं मोठं पातेलं चुलीवर चढवलं आणि वर्षाचा अख्खा पांढरा मध त्यात आटवला, पार करपेपर्यंत.

बायको ओरडली, "अहो, वेड लागलंय का तुम्हाला?"

"तुला शास्त्रातलं काय कळतंय!" हे शास्त्रज्ञ म्हणाले.

ठरल्याप्रमाणे यामिला संस्थेत आली, आणि सगळे आपापल्या बरण्या घेऊन रांगेत उभे राहिले. रेमिहिओची बरणी उघडून तिने वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"काका, हे काय? मला तुमचा पांढरा हवा होता. फरक दाखवायला अस्सल कांपानीया लागतो, आणि तुमच्याइतका शुद्ध अख्ख्या जिल्ह्यात कुणाचा नाही. यादीत पहिलं नाव तुमचंच आहे. थोडा तरी उरलाय?"

थेंबही उरला नव्हता. तरी या गृहस्थाने बरणी पुढे सरकवलीच. "हाच घ्या. कसा काळाभोर आहे बघा!"

यामिलाने बरणीवर लावायची चिठ्ठी काढली. "फूल कोणतं लिहू?"

रेमिहिओ बरणीचं झाकण लावायला लागला. मागे रांगेत नेरेइदा आपली बरणी घेऊन उभी होती.

"लिही गं पोरी," ती म्हणाली, "पातेल्याचं फूल."

सगळी रांग खो खो हसली. यामिला मात्र हसली नाही. तिने यादीतलं पहिलं नाव खोडलं. कांपानीयासमोरची जागा त्या वर्षी रिकामीच राहिली.