बाइंडरबाईंची दागिन्यांची वही

आपण बांधलेलं रजिस्टर उसवत नाही, असं बाइंडरबाईंचं स्वतःचं म्हणणं होतं, आणि ते खोडून काढायची गल्लीत कुणाची छाती नव्हती. नवरा गेल्यावर दुकान विका म्हणून सांगायला जो तो पुढे आला. बाईंनी सगळ्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठाला शटर वर केलं. त्याला आता तेवीस वर्षं झाली. कचेऱ्यांची रजिस्टरं, वाचनालयाची पुस्तकं, पोरांची पानं सुटलेली गाइडं, काहीही आणा, बाई नाही म्हणत नसत. याच दुकानाच्या जिवावर लेक शिकली, नोकरीला लागली आणि लग्न होऊन सासरी गेली.

एका रविवारी ती लेक बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली. जावयांची बदली झाली होती आणि महिन्याभरात बिऱ्हाड हलवायचं होतं. डब्यात तिचे दागिने होते, खरे थोडे आणि खोटे फार. एक साखळी ओढावी तर तिच्यामागून चार कानातली फरफटत यायची. जोडीदार हरवलेल्या कानातल्यांची तर वेगळी पुडीच होती. दुकानातून एखादी मखमली पेटी आणते म्हणाली. बाई म्हणाल्या, कशाला, मी करते की.

"पुठ्ठ्याची नको गं आई," लेक म्हणाली. "सासूबाई बघतील."

बाईंना ते फार लागलं. ज्या पुठ्ठ्यावर ही वाढली, त्याचीच हिला लाज? आपल्या हातची वस्तू पोरीने चारचौघांत मिरवत न्यावी, एवढंच त्यांच्या मनाने घेतलं.

विकत आणायचं नाही हा त्यांचा हट्टच. कोपऱ्यातल्या खोक्यातून जाड पुठ्ठ्याचे तुकडे निघाले, एका कचेरीच्या कामातून उरलेलं मरून रेक्झिन निघालं. नवऱ्याचा जुना मऊ सदरा कपाटात होता. त्यावर कात्री चालवताना बाई क्षणभर थांबल्या, मग सरळ चालवली. त्यांनी पेटी केलीच नाही. त्यांनी तीन पानांची जाडजूड वही बांधली. पहिल्या पानावर ताणून बसवलेल्या कापडी पट्ट्या, कानातली टोचायला. दुसऱ्यावर सदऱ्याच्या कापडाच्या घट्ट सुरळ्या, अंगठ्या खोचायला. तिसऱ्यावर त्याच सदऱ्याची बटणं दोन ओळींत, साखळ्या अडकवायला, खालचं टोक धरायला आडवी पट्टी. मिटली की नाडीने बांधायची. खळ लावून ती शिकंज्यात दाबली आणि तीन दिवस तिला हात म्हणून लावला नाही. ओली वही शिकंज्यातून काढणाऱ्याला बाई बाइंडर म्हणतच नसत.

जायच्या आदल्या दिवशी लेक, जावई आणि विहीणबाई निरोप घ्यायला दुकानातच आले. लेकीने एकेक दागिना जागच्या जागी लावला. बाई दोरा ओवायचं निमित्त करून तिच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. विहीणबाईंनी वहीवरून हात फिरवला आणि कुठून घेतलीस म्हणून विचारलं. लेक गडबडली.

"एका ठिकाणी करून घेतली," ती म्हणाली.

खोटं काहीच नव्हतं त्यात, आणि म्हणूनच ते जास्त झोंबलं. बाईंनी मान खाली घातली. लेकीने नाडी बांधली आणि पिशवीत ठेवायला वही आईच्या हातात दिली.

आणि बाईंनी ती खांद्याइतकी उंच धरून फरशीवर सोडून दिली.

मुद्दाम नव्हे. तयार झालेलं प्रत्येक रजिस्टर गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी त्या असंच खाली सोडून बघत. कोपरा चेपला तर पुन्हा बांधायला घेत. काम हातावेगळं करायची वेळ आली की हात आपोआप वर जाई. या वहीत लेकीचे दागिने आहेत, हे धप्प आवाज झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

विहीणबाईंनी तोंडावर हात ठेवला. जावयांनी वाकून वही उचलली आणि नाडी सोडली. कानातली पट्टीवर होती. अंगठ्या सुरळ्यांत. साखळ्या बटणांना सरळ लोंबत होत्या, एकही दुसरीत गुंतली नव्हती. कोपरे तर जसेच्या तसे.

"अहो, हे कुठलं दुकान?" विहीणबाई म्हणाल्या. "मलाही एक हवी."

लेक आईकडे बघत राहिली. बाईंच्या नखांत अजून खळ होती.

"दुकान हेच," ती म्हणाली. "माझी आई बाइंडर आहे. ही तिनं बांधलीय."

मग तिने जावयांच्या हातून वही घेतली, नाडी नीट आवळली, "आता बघा हं सासूबाई," म्हणत ती खांद्याच्याही वर नेली आणि स्वतःच्या हाताने सोडली.