तारेखालचं बोट

माझ्या धाकट्या नणंदेला घरात सगळे मापाडी म्हणतात. समुद्राखालून वीज नेणाऱ्या केबली तपासायच्या शेडमध्ये ती सव्वीस वर्षं आहे. चहाचा कपसुद्धा आधी उजेडात धरून बघते, मग पिते.

केबल समुद्रतळावर सगळीकडे टेकलेली नसते. दोन खडकांमध्ये ती लोंबकळते, आणि तिच्यावरून पाणी वाहिलं की थरथरते. केसभरच, पण सतत. तार वाकवून वाकवून तुटते ना, तसंच पाणी आत न येऊ देणारं शिशाचं वेष्टण एक दिवस चिरतं. किती वर्षांनी, एवढंच मापाडीला सांगायचं होतं. आजवर तिने केबली कोरड्यात ओढून, वाकवून तपासल्या. वाहत्या पाण्यातली ही पहिलीच. सहा महिने हौदात तुकडा टांगून, पंपाने पाणी सोडून, ताण मोजणाऱ्या पट्ट्या चिकटवून तिने आकडे घेतले. तीस वर्षं बिनघोर! साहेब खूश. सोमवारी तिची सही, की केबल बेटाकडे रवाना. तीन महिन्यांवर निवृत्ती.

रविवारी दुपारी मी गच्चीवर कपडे काढत होते. वारा भणाणत होता आणि ही बया कपड्यांच्या तारेला बोट लावून उभी.

"वन्सं, आधी चादरीचं टोक धरा. तारेची नाडी मग बघा."

"वहिनी, इकडे या. वारा येतो त्या बाजूने बोट टेकवा. काय लागतं?"

"काही नाही."

"आता खालून."

बोटाला चक्क गुदगुल्या झाल्या. वारा आडवा, आणि तार उडतेय वर-खाली! असं का म्हणून विचारलं.

"वारा तारेला ओलांडतो तेव्हा मागे भोवरे सुटतात. एक वरून, एक खालून. पाण्यातही हेच. वाचलं होतं हो मी!" तिचा चेहरा उतरला. "पण पाणी कुशीवर ढकलतं म्हणून पट्ट्या दोन्ही कुशींना चिकटवल्या. वर-खाली वाकण्याचा ताण वरच्या नि खालच्या अंगाला येतो, कुशीला जवळजवळ नाहीच."

खाली आमच्या ह्यांनी लगेच निकाल दिला, "तीन महिने राहिलेत. सही कर नि मोकळी हो. समुद्राखाली कोण जातंय बघायला?"

"कोणी जात नाही, दादा, म्हणून तर मोजायचं."

सोमवारी सहीऐवजी तिने चूक सांगितली. साहेब तासभर बोलत होते म्हणे. ती तेवढ्या वेळात जुन्या पट्ट्या खरवडत होती. नव्या वर आणि खाली लावल्या. अडीच महिन्यांनी उत्तर आलं: नऊ वर्षं. आता त्या खडकांमधल्या पोकळीत केबलखाली दगडांच्या गोण्या रचणार आहेत. अहवालावर सही तिची, आणि पहिल्याच पानावर चूकही तिच्याच नावाने.

"लाज नाही वाटली?" मी विचारलं.

"वाटली की. पण वहिनी, तुमची तार हुकापाशी चिरलीय, आठवडाभर सांगतेय. बदला ना!"

बदलली. दोन बोटांत वाकवली तर जुनी तार कट्कन तुटली.